यष्टिरक्षकाची पारख

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. फलंदाजाच्या बाबतीत ही म्हण बव्हंशी खरी ठरते. दहा-बारा वर्षांचा मुलगा सरळ येणारा चेंडू सरळ बॅटीने परतवू लागला की, पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याचे भविष्य वर्तविण्यास सिद्ध होतात. वेगाने चेंडू टाकणाऱ्या मुलाचेही तसेच. त्याने त्रिफळा उडविला म्हणजे त्याचा आवाज साऱ्या मैदानास ऐकू जातो. परंतु यष्टीमागे उकिडवा बसलेल्या मुलाचे पाय ना पाळण्यात दिसत, ना मैदानात. त्याने आपले काम चोख केले तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि दिवसभरात एकदा चुकला तर सारे मैदान हळहळते. अशा मुलाची पारख कोणी करावी, कोणत्या मापाने करावी, आणि पारख झाल्यावर त्याचे पुढे काय करावे, या प्रश्नाचा आपल्या क्रिकेटमधील इतिहास मोठा बोधप्रद आहे, आणि काही अंशी खेदजनकही आहे.

सोलापुरास हा प्रश्न अगदीच परका नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ जे पार्क मैदान आहे त्याला पुढे इंदिरा गांधी स्टेडियम असे नाव मिळाले, पण गावाच्या तोंडी पार्क हेच नाव राहिले. २०२४ च्या जानेवारीत तेथे महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या गावाचा दिवस उगवे आणि मावळे, त्या गावाने खेळाची हौसही पुष्कळ केली. याच सोलापुरात २८ मार्च १९२६ रोजी एका पारशी कुटुंबात पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म झाल्याची नोंद आहे. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता; मुलगा पुढे मुंबईस गेला आणि ‘पॉली’ उम्रीगर या नावाने ५९ कसोटी सामने खेळला. उम्रीगर यष्टिरक्षक नव्हते. तथापि भारतीय यष्टिरक्षकांच्या कथेत त्यांचा संबंध दोनदा येतो: एकदा कर्णधार म्हणून, आणि एकदा परीक्षक म्हणून. तो प्रसंग यथाक्रम येईलच.

प्रथम यष्टिरक्षकाचे काम नेमके काय ते पाहिले पाहिजे, कारण पारखीचा घोळ तेथूनच सुरू होतो. डाव सहा तास चालला तर यष्टिरक्षक पाचशेहून अधिक वेळा उठबस करतो, आणि प्रत्येक वेळी चेंडू आपल्याकडेच येणार आहे असे धरून चालतो. वेगवान गोलंदाजास तो दूर उभा राहून घेतो. ते काम डोळ्यांचे व उडीचे. फिरकी गोलंदाजास मात्र तो यष्टीला खेटून बसतो, आणि तेथे त्याची खरी परीक्षा असते. चेंडू टप्पा घेऊन उसळला म्हणजे त्याच्याबरोबर वर उठावयाचे, आधी नव्हे; आधी उठला तर खाली राहिलेला चेंडू हातमोज्याखालून निसटतो. चेंडू हातात येताना हात किंचित मागे घ्यावयाचे, म्हणजे तो तळव्यात मुरतो. हात ताठ राहिला तर चेंडू उसळी घेऊन बाहेर पडतो, आणि बोटाचे हाड मोडते ते निराळेच. सर्वांत अवघड म्हणजे लेगच्या बाजूस जाणारा चेंडू. फलंदाजाच्या देहाआड तो क्षणभर दिसेनासा होतो, आणि यष्टिरक्षकाने तो केवळ अंदाजावर पकडून, त्याच झपाट्यात बेल्स उडवावयाच्या असतात. यांपैकी कोणतीही गोष्ट धावफलकावर उमटत नाही. झेल आणि यष्टिचीत यांची संख्या तेवढी उमटते. पण ती संख्या यष्टिरक्षकाच्या गुणांइतकीच गोलंदाजाच्या गुणांवर अवलंबून असते. ज्याला उत्तम फिरकी गोलंदाज लाभला त्याच्या खात्यावर यष्टिचीत जमा होतात. ज्याला लाभला नाही त्याचे खाते कोरे राहते. वहीतील आकड्यांवरून यष्टिरक्षकाचे मूल्य ठरविणे म्हणजे केवळ हजेरीपटावरून विद्यार्थ्याची बुद्धी ठरविण्यासारखे आहे.

म्हणूनच जुन्या काळी यष्टिरक्षकाची निवड जाणत्याच्या नजरेवर होत असे. या नजरेचा आपल्याकडील सर्वांत मोठा विजय म्हणजे जनार्दन ज्ञानोबा नवले. ७ डिसेंबर १९०२ रोजी फुलगाव येथे त्यांचा जन्म झाला, आणि पुण्याच्या मैदानांवर ते वाढले. अंगापिंडाने लहान, हालचालीत मात्र अतिशय चपळ. त्या काळी रणजी करंडक अस्तित्वात नव्हता. तो १९३४ मध्ये सुरू झाला. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे चौरंगी सामने हीच देशातील श्रेष्ठ परीक्षा होती. त्या परीक्षेस हिंदू संघातर्फे नवल्यांना अवघ्या सोळाव्या वर्षी बसविण्यात आले. आज सोळा वर्षांच्या मुलाने शालान्त परीक्षा दिली तर घरी पेढे वाटतात. नवले त्या वयात प्रौढ, नामांकित गोलंदाजांच्या चेंडूंसमोर, हजारो प्रेक्षकांच्या देखत यष्टीमागे बसले, आणि पुढे सुमारे पंधरा वर्षे त्यांची ती जागा कोणी घेऊ शकले नाही. ज्यांनी त्यांना निवडले त्यांची नजर अचूक होती याविषयी शंका घेण्यास जागाच नाही.

२५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा भारताचे यष्टिरक्षक नवलेच होते. इंग्लंडच्या पहिल्या डावात डग्लस जार्डिन ७९ धावांवर असताना सी. के. नायडूंच्या चेंडूवर त्यांचा झेल नवल्यांनी टिपला. भारताची पाळी आल्यावर नौमल जेऊमल यांच्याबरोबर सलामीस आले तेही नवलेच. कसोटी क्रिकेटमध्ये भारतातर्फे पहिला चेंडू खेळण्याचा मान त्यांच्याकडे गेला. यष्टीमागे सारा डाव उठबस करून आलेल्या माणसाने लगोलग पॅड न सोडता सलामीस जावे, ही गोष्ट आज कोणी ऐकूनही घेणार नाही. नवल्यांनी दोन डावांत १२ आणि १३ धावा केल्या. सामना इंग्लंडने १५८ धावांनी जिंकला.

त्याच सामन्यात दुसऱ्या बाजूच्या यष्टीमागे लेस्ली एम्स होते, आणि त्यांनी पहिल्या डावात ६५ धावा केल्या. या दोन यष्टिरक्षकांच्या धावांतील अंतरामध्ये पुढील शंभर वर्षांचा वाद साठविलेला आहे. इंग्लंडात त्या वेळी जॉर्ज डकवर्थ हे यष्टीमागे अधिक निष्णात समजले जात. पण एम्स शतके काढीत, आणि डकवर्थना मागे सारून एम्स पुढे आले. एम्स यांचे हातही उत्तम होते हे खरे. परंतु एकदा तराजूच्या पारड्यात धावा पडल्या की हातांचे वजन कोण करतो? धावा मोजता येतात, आणि जे मोजता येते ते मोठे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे.

आपल्याकडे ही गोष्ट फार लवकर घडली. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातील पहिली कसोटी झाली. नवले त्यात खेळले, आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. पुढच्या, कलकत्त्याच्या सामन्यात लाहोरचे दिलावर हुसेन यष्टिरक्षक म्हणून आले. डोक्यास चेंडू लागून ते मैदानाबाहेर गेले, पुन्हा परतले, आणि दोन्ही डावांत मिळून ५९ व ५७ अशा धावा त्यांनी केल्या. अशा शूर माणसाला कोणी नाव ठेवू नये. परंतु त्या ११६ धावांपुढे पंधरा वर्षांच्या हातांची किंमत उरली नाही, हेही नमूद केले पाहिजे. नवल्यांचे वय तेव्हा अवघे ३१ होते.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात तर परीक्षकांच्या मनाचा गोंधळ उघडाच पडला. तीन कसोट्यांस तीन यष्टिरक्षक झाले. लॉर्ड्सवर रत्नागिरीचे दत्ताराम धर्माजी हिंदळेकर, मँचेस्टरला खुर्शेद मेहेरहोमजी, आणि ओव्हलवर पुनश्च दिलावर हुसेन. हिंदळेकरांनी लॉर्ड्सवर विजय मर्चंट यांच्यासमवेत ६२ धावांची सलामी दिली होती. त्यांचे बोट दुखावले म्हणून ते बाजूस झाले. यष्टिरक्षकाचे बोट म्हणजे गवयाचा गळा. तो बसला की मैफल दुसऱ्याची.

हिंदळेकरांचे पुढील दहा वर्षांचे चरित्र पाहिले तर ‘भवितव्य’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून कसे फुटतात ते कळते. खेळातील भवितव्य म्हणाल तर ते उज्ज्वल ठरले. १९४६ च्या दौऱ्यात, वयाच्या ३७ व्या वर्षी, ते पुन्हा पहिल्या पसंतीचे यष्टिरक्षक म्हणून इंग्लंडला गेले आणि तिन्ही कसोट्या खेळले. त्यांचे सहकारी यष्टिरक्षक कोल्हापूरचे रावसाहेब निंबाळकर यांच्या वाट्यास एकही कसोटी आली नाही. मँचेस्टरच्या सामन्यात भारताचे नऊ गडी बाद झालेले, पराभव दाराशी उभा. अशा वेळी रंगा सोहोनी आणि हिंदळेकर या शेवटच्या जोडीने अखेरची तेरा मिनिटे खेळून काढली आणि सामना अनिर्णित राखला. तेरा मिनिटे! पण त्या तेरा मिनिटांनी देशाची लाज राखली. आणि संसारातील भवितव्य म्हणाल, तर हा माणूस मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ८० रुपयांवर नोकरी करीत होता. ३० मार्च १९४९ रोजी, योग्य उपचार वेळेवर न मिळाल्याने, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते वारले. मागे राहिलेल्या कुटुंबासाठी पैसे गोळा करण्याची वेळ आली. त्यांच्या भाच्याने, विजय मांजरेकर यांनी, पुढे फलंदाजीत मोठे नाव कमाविले.

येथे क्षणभर सातासमुद्रापलीकडे पाहणे उपयुक्त होईल. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे त्यात फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू घेणारा एक गडी असतो. त्यास कॅचर म्हणतात, आणि तो आपल्या यष्टिरक्षकाचा सख्खा चुलतभाऊ शोभावा असा असतो. तोच उठबशीचा जाच, तीच मोडकी बोटे, आणि तीच अदृश्य कामगिरी. फरक आहे तो व्यवस्थेत. तेथे मोठ्या संघांच्या हाताखाली लहान गावांतील संघांची एक चढती साखळी असते. तिला मायनर लीग म्हणतात. ब्रँच रिकी नावाच्या चाणाक्ष व्यवस्थापकाने सेंट लुईस शहराच्या कार्डिनल्स संघासाठी १९२० नंतरच्या दशकात ही साखळी पद्धतशीरपणे बांधली. होतकरू मुलास पगार द्यावयाचा, खालच्या पायरीवर वर्षभर खेळवावयाचे, त्याची नोंद ठेवावयाची, आणि योग्य वाटल्यास वरच्या पायरीवर न्यावयाचे, अशी ती रीत.

आता गंमत पाहा. या अत्यंत चाणाक्ष माणसाच्या संघासमोर त्याच शहरातील, एकाच रस्त्यावर राहणारे दोन तरुण कॅचर परीक्षेस आले. एक जो गॅराजिओला, दुसरा लॉरेन्स बेरा. गॅराजिओलास ५०० डॉलर देऊ केले. बेरास २५० च. बेरा बुटका, बसका, दिसावयास बेंगरूळ. त्याचा भरवसा वाटला नाही. बेराने ती कमी रक्कम नाकारली. पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्यास ५०० डॉलरवर घेतले, आणि १९४३ मध्ये नॉरफोक येथील कनिष्ठ संघात महिना ९० डॉलर पगारावर खेळविले. मध्ये महायुद्ध आले, बेरा आरमारात गेला, परतल्यावर नेवार्कच्या संघात चढला आणि १९४६ अखेरीस मुख्य संघात आला. तेव्हाही त्याचे यष्टीमागचे, म्हणजे तेथील परिभाषेत थाळीमागचे, काम कच्चेच होते. १९४९ मध्ये बिल डिकी या जुन्या नामवंत कॅचरने त्यास शेजारी बसवून धडे दिले. तोच ‘योगी’ बेरा पुढे दहा जागतिक अजिंक्यपदांचा मानकरी झाला, आणि १९५१, १९५४ व १९५५ अशी तीन वर्षे आपल्या लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

रिकींची नजर चुकली, असे या कथेचे तात्पर्य सांगण्यात येते. ते खरे आहे; पण अर्धेच. खरी गोष्ट अशी की, तेथे नजर चुकली तरी शिडी शाबूत होती. एका परीक्षकाने नापास केलेला मुलगा दुसऱ्या पायरीवरून वर येऊ शकला, आणि त्या वर्षांत त्यास पोटापुरते वेतन मिळत राहिले. आपल्याकडे नेमके उलटे झाले. नवल्यांच्या बाबतीत नजर चुकली नाही, शिडीच नव्हती. सोळाव्या वर्षी थेट माथ्यावर नेऊन बसविले, आणि तेथून उतरताना धरावयास काही ठेवले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात रणजी सामन्यांमुळे थोडीफार पायरी तयार झाली होती. मुंबईचे नरेन ताम्हाणे हे त्या पायरीवरून आलेले. १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात पाच कसोट्यांत त्यांनी १९ बळी टिपले; यष्टीला खेटून, सुभाष गुप्त्यांच्या वळत्या चेंडूंवर त्यांनी जे काम केले त्याचा लौकिक अनेक वर्षे टिकला. गाजावाजा नाही, उड्या नाहीत, पंचांकडे पाहून आरोळ्या नाहीत. चेंडू आला आणि हातात गेला. पुढील वर्षी न्यूझीलंडचा संघ आला, तेव्हा मालिकेतील बहुतेक सामन्यांत कर्णधार होते आपले उम्रीगर. हैदराबादच्या कसोटीत त्यांनी २२३ धावा केल्या. भारतीयाचे ते पहिले कसोटी द्विशतक. त्या मालिकेत ताम्हाण्यांखेरीज पेणचे चंद्रकांत पाटणकर यांसही कलकत्त्यास एका कसोटीत यष्टीमागे उभे केले गेले. ती त्यांची एकमेव कसोटी. महाराष्ट्र संघाचे नाना जोशी हेही याच दशकात १२ कसोट्या खेळले. ताम्हाणे २१ खेळले, ५१ बळी टिपले, आणि त्यांत यष्टिचीत १६. पण दोघांचीही फलंदाजीची सरासरी दहा-अकराच्या घरात. त्यामुळे आज ताम्हाणे, उद्या जोशी, परवा आणखी कोणी, असा प्रकार चालू राहिला. वर्गात एका विद्यार्थ्यास दर आठवड्यास बाक बदलावयास लावले तर त्याचा अभ्यास कसा होणार, हे शाळेत कोणासही कळते. निवडसमितीत ते कळावयास वेळ लागला.

शिकाऊ काळ म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने दाखविले ते बंगळूरच्या सय्यद किरमाणी यांनी. १९७१ साली ते इंग्लंडला गेले ते फारुख इंजिनियर यांच्या मागचे राखीव म्हणून. १९७४ साली पुन्हा गेले, तेही राखीव म्हणूनच. कसोटी मिळाली ती १९७६ च्या जानेवारीत, न्यूझीलंडात. आणि दुसऱ्याच कसोटीत, क्राइस्टचर्च येथे, एका डावात सहा बळी टिपून त्यांनी त्या वेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. वर्षानुवर्षे जाळ्यातील सरावात उत्तम गोलंदाजांचे चेंडू घेतलेला हात तो. प्रसंग आला तेव्हा तो तयार होता. नवल्यांस जे कधी मिळाले नाही ते किरमाणींस मिळाले: चुका करण्यासाठी वेळ.

आणि येथे उम्रीगर दुसऱ्यांदा येतात. १९७८ ते १९८२ या काळात ते निवडसमितीचे अध्यक्ष होते. १९७९ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघ निवडला गेला, त्यात किरमाणींचे नाव नव्हते. त्यांच्या जागी मद्रासचे तरुण भरत रेड्डी गेले, आणि चार कसोट्या खेळले. या निर्णयामागे केवळ हातमोज्यांचे कारण नव्हते. ऑस्ट्रेलियातील पॅकर यांच्या खाजगी सामन्यांचे वारे त्या वेळी वाहत होते, आणि खेळाडूंविषयी नाना तर्क चालू होते. खेळाची पारख करताना खेळाबाहेरचे वजन तराजूत पडले की काटा हलतो, एवढे म्हणून पुढे जाणे इष्ट. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात किरमाणी परत आले. मुंबईस ऑस्ट्रेलियाविरुद्ध रात्रीचा राखणदार म्हणून फलंदाजीस येऊन त्यांनी नाबाद १०१ धावा काढल्या, आणि पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत १९ बळी घेऊन ताम्हाण्यांच्या जुन्या भारतीय विक्रमास गाठले. सोलापूरच्या सुपुत्राच्या समितीकडून चूक झाली असेल, तर ती दुरुस्तही त्याच समितीने केली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. आपली चूक काही महिन्यांत दुरुस्त करणारे परीक्षक फार थोडे.

तेच १९७९ साल. ७ सप्टेंबर रोजी पुण्यात जनार्दन नवले वारले. उत्तरायुष्यात त्यांनी पहारेकऱ्याचे काम केले, साखर कारखान्यात नोकरी केली, आणि दोन खोल्यांच्या घरात दिवस काढले. कसोटीत भारताचा पहिला चेंडू खेळलेला माणूस!

यानंतर परिस्थिती बदलली, आणि तिच्या बदलात मराठी माणसांचा हात मोठा आहे. बडोद्याचे किरण मोरे १९८३ मध्ये वेस्ट इंडिजला किरमाणींचे राखीव म्हणून गेले, आणि तीन वर्षे थांबून १९८६ मध्ये इंग्लंडात पहिली कसोटी खेळले. त्या मालिकेतील तीन कसोट्यांत त्यांनी १६ झेल टिपले. पुढे तेच निवडसमितीचे अध्यक्ष झाले. दुसरीकडे मुंबईचे क्रीडालेखक मकरंद वायंगणकर यांनी अशी कल्पना मांडली की, मोठ्या शहरांबाहेरच्या मुलांचे खेळ पाहण्यासाठी जाणती माणसे गावोगाव पाठवावीत आणि त्यांनी प्रत्येक होतकरू मुलाविषयी लेखी अभिप्राय द्यावा. २००२ मध्ये नियामक मंडळाने त्याप्रमाणे एक विभाग उघडला, आणि दिलीप वेंगसरकर त्याचे प्रमुख झाले. रिकींच्या शिडीची ही आपल्याकडील पहिली धड पायरी म्हणावयास हरकत नाही. दुर्दैवाने हा विभाग फार वर्षे चालला नाही.

पण जेवढा चालला तेवढ्यात त्याने एक मुलगा शोधला. २००३ मध्ये जमशेदपूर येथे बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी झारखंडच्या एका यष्टिरक्षकास पाहिले. अभिप्रायाचा आशय असा होता की, चेंडू फार जोराने मारतो, यष्टींमधून वेगाने धावतो, यष्टिरक्षणाचे तंत्र मात्र कच्चे आहे, त्यावर मेहनत घ्यावी लागेल. मुलाचे वय २१ होते, आणि प्रबोधिनीतील प्रवेशाची मर्यादा १९ ची. वेंगसरकरांनी ती मर्यादा बाजूस ठेवली. मुलगा खरगपूरला रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत असे. त्याचे नाव महेंद्रसिंग धोनी. पुढच्या वर्षी दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पूर्व विभागातर्फे यष्टीमागे धोनीस उभे करावे म्हणून मोऱ्यांनी बरीच खटपट केली, असे त्यांनी स्वतः नंतर सांगितले आहे. एका यष्टिरक्षकाने दुसऱ्यास ओळखण्यासाठी स्वतः मैदानावर जाऊन पाहावे, हे नवल्यांच्या काळाशी जोडणारे सूत्र होय. फक्त आता त्या नजरेस कागदाची आणि वेळेची जोड मिळाली होती.

अभिप्रायात ज्याचे तंत्र कच्चे म्हटले होते त्याच हातांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १९५ यष्टिचीत केले. इतके दुसऱ्या कोणी केले नाहीत. पोद्दारांचा अभिप्राय म्हणून चुकीचा ठरत नाही. २१ व्या वर्षी जे दिसले ते त्यांनी लिहिले, आणि जे पुढे घडावयाचे होते त्यासाठी जागा ठेवली. पहिल्याच एकदिवसीय सामन्यात, डिसेंबर २००४ मध्ये चितगाव येथे, धोनी शून्यावर धावचीत झाला. १९३३ ची रीत असती तर गोष्ट तेथेच संपली असती. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणमला त्याने पाकिस्तानविरुद्ध १४८ धावा केल्या.

त्याच २००४ साली नियामक मंडळाने माजी कसोटी खेळाडूंना मासिक निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली. दत्ताराम हिंदळेकरांना जाऊन तेव्हा ५५ वर्षे झाली होती, आणि जनार्दन नवल्यांना २५.